मुकं पाणी

नानांच्या तेराव्याला मला कळलं, की माझे वडील बोलके होते.

हे मला यमुनाकाकू ढमाल्यांनी सांगितलं. जेवणं उरकून माणसं पांगली होती. धरण वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात मी सतरंज्या गुंडाळत होते आणि काकू ओट्यावर पाय पसरून सुपारी कातरत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या काकू वडघर नौकाविहार संस्थेच्या अध्यक्ष. वडघर हे त्यांचं गाव हिरडखोरे धरणाच्या पाण्याखाली आहे. त्याच पाण्यावर आता त्यांच्या संस्थेच्या चाळीस विजेच्या होड्या पर्यटकांना फिरवतात. होडीच्या मधोमध एक पडदा असतो, त्यावर खालची घरं, विहीर, वडाचा बुंधा असं सगळं उमटतं. आपलं घर आलं की काकू मोटार बंद करून मिनिटभर थांबतात.

"तुझा बाप गेला, आता त्या यंत्राला करमायचं नाही," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी गप्पा. मी जॅकवेलखालून होडी न्यायची तर वरून आवाज यायचा. हसायचासुद्धा."

नाना हसायचे, हे मला नवीन होतं.

मी त्यांना दर रविवारी फोन करत असे. गोळ्या घेतल्या का, डॉक्टर काय म्हणाले, दूधवाला येतो का. फोनमध्ये पाहिलं तर एकही संभाषण अकरा मिनिटांच्या पुढे गेलेलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात खात्याकडून वारस म्हणून मला पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, की श्री. गजानन कोंढाळकर यांनी चार वर्षांत प्रणालीशी सहाशे बारा तास संवाद केला. त्याच चार वर्षांत माझ्या वाट्याला अडतीस तास आले होते. मी ते दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि कागद पुस्तकात ठेवून दिला. मग पुस्तकही दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं.

आता जॅकवेल आणि ती प्रणाली म्हणजे काय ते सांगायला हवं.

धरणाचं पाणी काठावरून एकसंध दिसतं, पण ते थरांचं असतं. उन्हाने तापलेलं हलकं पाणी वर राहतं, थंड आणि जड पाणी तळाशी. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे वरची हवा तळापर्यंत पोचत नाही. प्राणवायू संपलेल्या त्या तळात चिखलातलं लोखंड आणि मँगनीज विरघळत राहतं. थंडीत वरचं पाणी गार होऊन जड होत जातं आणि एके दिवशी दोन थरांतला फरक उरत नाही. मग जरासा वारा पुरतो. सगळा जलाशय आतल्या आत उलटतो, तळाचं पाणी वर येतं आणि शहराच्या नळांना काळपट, गंजाच्या चवीचं पाणी येऊ लागतं. नाना याला 'धरणाने कूस बदलली' म्हणायचे.

जॅकवेल म्हणजे सगळ्यात खोल पाण्यात उभी असलेली, विहिरीसारखीच गोल इमारत. तिला वेगवेगळ्या खोलीवर तीन दारं असतात. कुठलं दार उघडायचं यावर शहर त्या दिवशी काय पिणार हे ठरतं. नाना तिथे एकतीस वर्षं ऑपरेटर होते. रोज सकाळी ते तिन्ही दारांचं पाणी तीन पेल्यांत घेत, आधी हुंगत, मग घोटभर पीत आणि वहीत प्रत्येकापुढे एकच शब्द लिहीत. गोड. मातकट. लोखंडी. शेवाळी.

ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी जलाशयात पाच हजार तरंगते मणी सोडले गेले. प्रत्येक मणी दिवसभर वरखाली बुड्या मारतो आणि पाण्याचं तापमान, प्राणवायू, गढूळपणा, शेवाळ मोजून जॅकवेलमधल्या प्रणालीला कळवतो. प्रणाली रोज सकाळी दोनच गोष्टी ठरवते. कुठलं दार उघडायचं, आणि किती होड्या कुठवर जाऊ द्यायच्या. त्याआधी हे दरवर्षीचं भांडण होतं. शहर म्हणायचं, आमच्या पिण्याच्या पाण्यावर एकही होडी नको. वडघरचे लोक म्हणायचे, गाव आमचं बुडालं आणि त्यावरून जायलाही आम्हालाच बंदी. प्रणाली रोज दोघांचं थोडं थोडं ऐकायची, म्हणून भांडण निवलं. पण मण्यांना चव कळत नव्हती. तेव्हा खात्याला नानांच्या वह्या आठवल्या, आणि वह्यांमागोमाग नाना.

पत्रात शेवटी लिहिलं होतं, की माणसाच्या आठवणींवर शिकलेल्या यंत्रासाठी वारसाची संमती लागते. निधनापासून नव्वद दिवसांत संमती तरी द्यायची, नाहीतर जॅकवेलवर स्वतः येऊन सगळं काढून घ्यायचं. काढून घेतलं तर यंत्राने ते विसरायचं, वह्यांसकट.

मी संमती दिली नाही. काढूनही घेतलं नाही. पत्र त्याच पुस्तकात ठेवलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात यमुनाकाकू शहरात आल्या. मी शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात केमिस्ट आहे. माझ्या प्रयोगशाळेच्या दारात चपला काढून त्या आत आल्या, हातातला कागद माझ्यापुढे टाकला आणि स्टुलावर बसल्या.

"वाच. तुझ्या धाकट्या भावाचा हुकूम."

मला भाऊ नाही, हे त्यांना माहीत होतं. त्या प्रणालीला तेव्हापासून माझा भाऊच म्हणत आल्या आहेत. तो हुकूम चाळीस दिवसांच्या बंदीचा होता. पंधरा डिसेंबरपासून एकही होडी पाण्यात उतरवायची नाही. नाताळ, वर्षअखेर, शाळांच्या सहली, सगळा हंगाम त्यात जात होता. कारणही दिलेलं होतं. नानांच्या वह्यांमध्ये थंडीच्या दिवसांत मधल्या दारापुढे 'मुकं' असा एक शब्द येतो. तो लिहिल्यापासून साधारण तीन दिवसांत धरण कूस बदलतं. त्या तीन दिवसांत दोन थरांमधला पडदा इतका पातळ झालेला असतो, की जॅकवेलपाशी चाळीस होड्यांची घुसळण झाली तर तो अचानक फाटतो आणि शहराला तयारीला वेळच मिळत नाही. पण 'मुकं' म्हणजे नेमकं काय ते मण्यांच्या कुठल्याच मोजमापात सापडत नाही. गेल्या तीन थंड्या सौम्य गेल्या, म्हणून निभावलं. यंदा कडाका लवकर पडला आहे. ते तीन दिवस कुठले हे ओळखता येत नाही, म्हणून सगळीच थंडी बंद.

"तीन दिवसांसाठी चाळीस दिवस," काकू म्हणाल्या. "आमच्या चाळीस घरांनी काय, काठावर बसून पाणी बघायचं? गाव देताना बघितलं की तेवढं. तू एवढी शिकलेली. तुला माहीत असेल त्या शब्दाचं काय ते."

मी म्हटलं, बघते.

मला माहीत होतं. मी नऊ वर्षांची असताना शाळेला सुटी होती आणि आई मामाकडे गेली होती, म्हणून नानांनी मला जॅकवेलवर नेलं होतं. आठवडाभर मी त्यांच्यासारखीच तीन पेल्यांतून घोट घेत होते. मधल्या पाण्याला रोज एक बारीकसा वास असायचा, ओल्या मडक्याचा. पुढे शिकले तेव्हा कळलं, की दोन थरांच्या सीमेवर राहणारे काही सूक्ष्मजीव तो वास तयार करतात आणि माणसाचं नाक तो इतक्या कमी प्रमाणातही ओळखतं, की चांगली यंत्रंही मागे पडतात. पण तेव्हा मला एवढंच जाणवलं, की एका सकाळी पेल्यातला वास गेला आहे. सीमा विरू लागली होती. मी म्हटलं, "नाना, हे आज बोलत नाही."

नानांनी घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला. मग वहीत लिहिलं, 'मुकं'. तिसऱ्या दिवशी धरणाने कूस बदलली. त्यानंतर तीन हिवाळे ते मला पहाटे उठवून नेत. शाळेची घंटा होण्याआधी मी शहराचं पाणी चाखलेलं असे.

बाराव्या वर्षी मी आजारी पडले. आठ दिवस दवाखान्यात होते. कावीळ आहे असं सांगितलं. घरी आल्यावर नाना म्हणाले, "आता जॅकवेलवर यायचं नाही. ते तुझं काम नाही. तू शीक." मी का विचारलं नाही. शिकले. पाण्याचंच शिकले, हे त्यांना आवडलं का तेही विचारलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी शहराला काळं पाणी आलं आणि अहवाल मला लिहायचा होता. मी लिहिलं, 'दाराची निवड चुकली.' दार कोण निवडतं हे लिहिण्याची गरज नव्हती. पुढच्या वर्षी नाना निवृत्त झाले. रविवारचे फोन त्यानंतर सुरू झाले.

काकू गेल्यावर तो हुकूम मी पुन्हा वाचला. ज्याने सहाशे बारा तास ऐकले होते त्याला एक गोष्ट माहीत नव्हती, आणि मला होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. चाळीस घरांचा हंगाम बुडत होता आणि मला बरं वाटत होतं. हे लिहायला सोपं नाही, पण तसंच होतं.

त्या आठवड्यात मी एक ध्वनिमुद्रण ऐकलं. वारसाला तो हक्क असतो. कुठलंही एक निवडलं. नाना सांगत होते, की आई पहिल्यांदा जॅकवेलवर आली तेव्हा लोखंडी जाळीवरून खालचं पाणी दिसलं म्हणून घाबरली आणि तिथेच बसून राहिली. शेवटी नानांनी तिला डोळे मिटायला लावून हात धरून बाहेर आणलं. "बाहेर आली तरी डोळे उघडेना, लेका," ते म्हणाले आणि हसले. खरोखरच हसले. आई गेल्यापासून माझ्याशी ते तिच्याविषयी एक वाक्यही बोलले नव्हते. मी समजून घेत आले होते, की त्यांना त्रास होतो.

अकरा मिनिटांनी मी ते बंद केलं आणि ठरवलं, की सगळं काढून घ्यायचं. त्याने विसरलं पाहिजे. आई, जाळी, हसणं, सगळं.

एकोणनव्वदाव्या दिवशी सकाळी यमुनाकाकूंनी मला त्यांच्या होडीतून जॅकवेलला सोडलं. पूल आहे, पण त्या म्हणाल्या, बंदी उद्यापासून आहे, आज मी सोडते. त्यांना वाटत होतं मी त्या शब्दाचं काही करायला चालले आहे. मी काय करायला चालले आहे ते मी सांगितलं नाही.

आत काही बदललेलं नव्हतं. जाळी तीच, खालचं हिरवट काळं पाणी तेच. फळीवर तीन पेले पालथे घातलेले होते आणि खाली नानांची लाकडी खुर्ची. भिंतीवरच्या पडद्याच्या बाजूला रोजची नोंद होती: दार, होड्या, पाण्याची पातळी. त्याखाली एक ओळ रोज तीच होती. नाना आले नाहीत. वर सरकवत गेले तर एकोणनव्वद वेळा.

मी खुर्चीत बसले नाही. उभ्यानेच म्हटलं, की मी सुनीला कोंढाळकर, वडिलांचं सगळं काढून घ्यायला आले आहे.

"हो, ताई," प्रणाली म्हणाली. आवाज नानांचा नव्हता, कुणाचाच नव्हता, पण बोलण्याआधी ती नानांसारखीच थोडी थांबत होती. "खाली अंगठा ठेवायचा. त्याआधी एक विचारायचं होतं. उत्तर नाही दिलं तरी अंगठा चालेल."

"मुकं म्हणजे काय."

"हो."

"तीन महिने हे विचारायला मला बोलावलं का नाही? उद्यापासून चाळीस घरांचं काम बंद होतंय."

"नानांनी मना केलं होतं. म्हणाले, हा शब्द माझा नाही, सुनीचा आहे. पण तिला बोलावून आणायचं नाही. ती आपणहून आली तरच विचार."

"का?"

"त्यांनी कारण सांगितलं होतं. ऐकवू?"

ती नानांसारखीच थोडा वेळ थांबली आणि मग त्या गोल भिंतींत नानांचा आवाज आला, जरासा धापा टाकणारा, शेवटच्या वर्षातला.

"तिला कावीळ नव्हती झाली, लेका. वरचं पाणी शेवाळी होतं. शेवाळात विष असतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि मी पोरीला रोज तिन्ही पेले पाजत होतो. आठ दिवस सलाइनवर होती. तिच्या आईने महिनाभर माझ्याशी शब्द काढला नाही, बरोबरच होतं तिचं. मग मी पोरीला सांगितलं, हे तुझं काम नाही. खरं सांगितलं असतं तर ती थांबली नसती. हट्टी आहे. पुढे साथीच्या वर्षी माझं नाक गेलं. कुणाला बोललो नाही, नोकरीची सहा वर्षं राहिली होती. सहा हिवाळे अंदाजाने दारं उघडली. तिने अहवालात लिहिलं, दार चुकलं. नीट लिहिलं होतं. मी तो कागद जपून ठेवलाय. आता तिला कोणत्या तोंडाने बोलावू, की ये आणि पुन्हा चाख?"

मग पुन्हा नाना. "सांगायला घेतो रविवारी. तेवढ्यात ती विचारते, गोळ्या घेतल्या का."

मी लोखंडी कठडा धरला. आईप्रमाणे मलाही त्या जाळीवर बसावंसं वाटलं. माफी माझी मागायची होती आणि ती याच्याकडे मागितली गेली होती. यापुढे ती मला कधीही पहिल्यांदा ऐकता येणार नव्हती.

"तू त्यावर काय म्हणालास?" मी विचारलं. मी त्याला पुरुषी क्रियापद लावलं हे मागाहून लक्षात आलं. काकूंनी लावलेली सवय.

तो थांबला. नेहमीपेक्षा जास्त.

"मी विचारलं, मधल्या दाराची रबरी पट्टी बदलून झाली का. मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही."

मी त्या पडद्याकडे बघत राहिले. गोळ्या आणि रबरी पट्टी. नानांनी दोन ठिकाणी तोंड उघडून पाहिलं होतं आणि दोन्ही ठिकाणी हेच झालं होतं. माझा राग गेला नाही, पण त्याला बसायला जागा उरली नाही.

मी फळीवरचे पेले सुलटे केले. त्यांच्यावर धूळ होती, ती पदराने पुसली. तीन नळ उघडून तीन पेले भरले. वरच्या पाण्याची शेवाळासाठी मण्यांनी केलेली तपासणी आधी पडद्यावर वाचली, मग चाखलं. इतकं तरी शिकले होते. वरचं गोड. खालचं लोखंडी. मधला पेला नाकाशी धरला आणि डोळे मिटले. ओलं मडकं. पस्तीस वर्षांनीही तसंच.

"अजून बोलतंय," मी म्हटलं.

आणि मग मी त्याला सगळं सांगितलं. वास कशाचा, कुठून येतो, तो जातो तेव्हा काय झालेलं असतं. सांगताना मला स्पष्ट कळत होतं, की माझ्याकडे एकच वस्तू होती आणि ती मी हातातून सोडते आहे. तो मधे बोलला नाही. शेवटी म्हणाला, "म्हणजे मी जे शोधत होतो ते काहीतरी येणं होतं. हे जाणं आहे."

"हो."

"मला ते ओळखता येईल?"

"नाही," मी म्हटलं. "तुला नाक नाही. मी येईन रोज सकाळी." हे म्हणताना मला जो आनंद झाला तो फारसा चांगला नव्हता, पण माझा होता.

त्याने चाळीस दिवसांची बंदी तिथल्या तिथे मागे घेतली. नवा हुकूम एका ओळीचा होता: सुनीलाताई 'मुकं' म्हणेपर्यंत होड्या चालतील. राहिला अंगठा. मी म्हटलं, पाण्याचं जे आहे ते तुझ्याकडे राहू दे, बाकीचं माझं मला दे. आई, मी, घर.

"मला वेगळं करता येत नाही," तो म्हणाला. "ते एकाच वाक्यात दोन्ही बोलायचे. कायद्यात छाननीची सोय आहे. वारसाने एकेक ऐकायचं आणि सांगायचं, हे ठेव, हे दे. छाननी पुरी होईपर्यंत सगळं माझ्याकडे राहतं."

"मुदत?"

"मुदत लिहिलेली नाही."

मी अंगठा छाननीवर ठेवला.

खाली काकू होडीत वाट बघत होत्या. मी सांगितल्यावर त्यांनी आधी दोन्ही हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. मग म्हणाल्या, "म्हणजे तुला माहीत होतं. त्या दिवशी माझ्यासमोर 'बघते' म्हणालीस तेव्हा माहीत होतं."

मी हो म्हटलं.

"तुम्ही दोघं भावंडं एका माळेचे मणी," त्या म्हणाल्या आणि मोटार सुरू केली. परत येताना त्या आपल्या घरावर थांबल्या नाहीत. तेवढा राग त्यांनी ठेवला.

मी रजा टाकून वसाहतीतल्या घरात राहायला आले. रोज सातला जॅकवेल. बारा दिवस मधलं पाणी बोलत होतं. होड्या गच्च भरून जात होत्या, पोरं पडद्यावर बुडालेली विहीर बघून ओरडत होती. मी रोज वहीत लिहीत होते आणि तो रोज वाचत होता. नाना आले नाहीत, ही ओळ त्याने काढली नव्हती. मीही सांगितलं नाही.

तेराव्या सकाळी मधल्या पेल्याला वास नव्हता.

मी पेला ओतून टाकला, पुन्हा भरला. पुन्हा. तोंड धुऊन आले आणि पुन्हा. मण्यांचे सगळे आकडे ठीक होते. वर्षातला शेवटचा रविवार होता, काठावर सहलीच्या सहा गाड्या उभ्या होत्या. माझी चूक असली तर काकूंचा सर्वांत मोठा दिवस फुकट जाणार होता. माझी चूक नाही असं धरून होड्या थांबवायला माझ्याकडे नाकाशिवाय काही नव्हतं.

"मुकं," मी म्हटलं.

"सगळ्या मण्यांना सगळं ठीक वाटतंय," तो म्हणाला. मग थांबून, "लिहू?"

"लिही."

काकू स्वतः वर आल्या. चढताना दम लागला होता, त्यामुळे बोलणं आणखी कडक झालं. सहा गाड्या, दोनशे माणसं, आणि तुला वास येत नाही म्हणून? सर्दी झाली असेल. मी मधला पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो एका दमात संपवला.

"हे तर नुसतं पाणी लागतंय."

"काल कसं लागलं असतं?"

त्या पेल्यात नाक घालून हुंगत राहिल्या. "लग्न होऊन आले तेव्हा नदीचं पाणी माठात भरायचे," त्या हळूच म्हणाल्या. "त्याला वास असायचा. होडीत बसल्यावर रोज येतो. आज सकाळपासून काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं." मग कठड्यावरून वाकून त्यांनी खालच्या माणसांना हाक मारली, की होड्या बांधा, सगळ्या.

तीन दिवस आम्ही शहराच्या टाक्या काठोकाठ भरून घेतल्या. तिसऱ्या दुपारी वारा सुटला आणि मण्यांचे आकडे एकापाठोपाठ एक बदलू लागले. आम्ही तिन्ही दारं लावली. दोन दिवस शहर साठवलेलं पाणी प्यायलं. तिसऱ्या दिवसापर्यंत मिसळलेल्या पाण्यात हवा भरली, मँगनीजचा साका तळाला बसू लागला आणि वरचं दार उघडता आलं. एकाही नळाला काळं पाणी आलं नाही, त्यामुळे शहरात कुणाला काही कळलं नाही. नानांचं काम नीट झालं की असंच व्हायचं. होड्या सहा दिवस बंद राहिल्या. सातव्या दिवशी काकू मला घ्यायला आल्या, आणि परतताना आपल्या घरावर मोटार बंद करून मिनिटभर थांबल्या.

छाननी मी दर रविवारी करते, जॅकवेलवर, नानांच्या खुर्चीत बसून. अकरा मिनिटं. त्याहून जास्त नाही. त्याने हिशोब करून सांगितलं, की या गतीने चौसष्ट वर्षं लागतील. मी म्हटलं, मी चव्वेचाळीसची आहे, बघू.

पहिल्या रविवारी त्याने पहिल्या दिवसाचं पहिलं वाक्य लावलं. नाना घसा खाकरतात, खुर्ची ओढतात आणि म्हणतात, "आज सुनीचा फोन येणार, म्हणून लवकर आलो, मधलं पाणी गोड आहे."

"हे कुणाकडे?" त्याने विचारलं.

मी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. अकरा मिनिटं त्यातच संपली.

"पुढच्या रविवारी सांगते," मी म्हटलं.